साऱ्याच्या पावतीवरची शाळा

आमच्या वारणाकाठची जुनी माणसं ‘जिल्हा परिषदेची शाळा’ असं कधी म्हणाली नाहीत. जिल्हा परिषदा येऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडी ‘लोकलबोर्डाची साळा’ असंच असायचं. मास्तर लोकलबोर्डाचा, खडू लोकलबोर्डाचा, आणि पावसाळ्यात गळायचं ते कौलही लोकलबोर्डाचंच. हा शब्द कुठून आला ते लहानपणी आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण त्या शब्दामागं एक हिशेब आहे. तो समजल्याशिवाय आज अर्थसंकल्पाच्या वेळी शाळांवरच्या खर्चाचं जे रडगाणं ऐकू येतं, ते खरं किती आणि खोटं किती, हे कळत नाही.

मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात सरकारनं शेतसाऱ्यावर एक पट्टी बसवली. साऱ्याच्या दर रुपयामागं एक आणा. आधी ही वसुली नुसत्या हुकमावर चालली, मग 1869 साली तिचा कायदा झाला. या पैशाला नाव पडलं ‘लोकल फंड’. यातले दोन हिस्से रस्ते आणि तत्सम कामांना, आणि एक हिस्सा शिक्षणाला, असं ठरलं. आणा म्हणजे बारा पै. त्याचा तिसरा हिस्सा चार पै. म्हणजे बारा रुपये सारा भरणारा कुणबी बारा आणे लोकलफंड भरायचा आणि त्यातले चार आणे शाळेच्या नावावर जमा व्हायचे. त्याच्या गावात शाळा असो की नसो. त्याचं पोर शाळेत जावो की गुरांमागं.

हे नीट ध्यानात घ्यायला हवं. खेड्यातली शाळा सरकारच्या खजिन्यातून मेहेरबानी म्हणून आलेली नाही. तिचा पैसा शेतकऱ्यानं आगाऊ भरला होता. आमच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत साऱ्याच्या पावत्यांची एक चळत होती, सुतळीनं बांधलेली. कागद पिवळे पडलेले, काहींवरची शाई उडालेली. आजोबांना अक्षर येत नव्हतं. पण सारा किती आणि फंड किती हे त्यांना तोंडपाठ होतं. ते म्हणायचे, “साऱ्याचं काय, राजा कोन बी असूंदे, सारा द्यायचाच. पर ह्यो फंड साळंचा म्हून घेत्यात. मग साळा कुटं हाय?” त्यांच्या लहानपणी शाळा मारुतीच्या देवळात भरायची, पहिली ते चौथी एकाच ओसरीवर, आणि तीही मास्तर टिकला तर.

आजोबांच्या आधी दोन पिढ्या हाच प्रश्न पुण्यात एका माणसानं सरकारी आयोगापुढं लेखी मांडला होता. 1882 साली हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबरला त्याला निवेदन दिलं. हे निवेदन आपल्याकडं सक्तीच्या शिक्षणाची पहिली मागणी म्हणून सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण मला ते एक जमाखर्चाचं टिपण म्हणूनही वाचावंसं वाटतं. सरकारी तिजोरीतला मोठा हिस्सा रयतेच्या घामाचा, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यातला मूळ मुद्दा. त्याच्या पुढं ते थेट पट्टीवर येतात. शिक्षणाच्या नावानं खास पट्टी वसूल होते आणि ती त्या कामाला लागत नाही. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाही. बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी शिक्षण सक्तीचं करा, असं ते मागतात आणि लगेच मास्तरच्या पगारावर बोलतात. शिकवलेला, परीक्षा दिलेला मास्तर हवा. त्याला महिना बारा रुपयांहून कमी देऊ नका, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. आणि तो मास्तर कसा हवा? वेळ पडली तर नांगराची मूठ धरणारा, सुताराची तासणी चालवणारा, कुणब्यांत मिसळणारा.

पगाराचा आकडा त्यांनी उगाच घातला नव्हता. कमी पगारात मिळेल तसा मास्तर मिळतो, आणि तसल्या मास्तरच्या शाळेत पोरं टिकत नाहीत, हे त्यांनी स्वतः शाळा चालवून पाहिलं होतं. ‘शेतकऱ्याचा असूड’ याच सुमाराचा, आणि लोकलफंडाचा विषय त्यातही आहे.

जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. स्वागताला एक हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. सगळे ‘हो’ म्हणाले. एकटे जोतीराव ‘नाही’ म्हणाले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. ठराव अर्थातच मंजूर झाला. कमानी उभारायला पैसा निघतो आणि फळा घ्यायला निघत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

आता नदीकडं येऊ. वारणा ही आमच्याकडं नुसती नदी नव्हती, सरहद्द होती. आमच्या काठाला ब्रिटिशांचा सातारा जिल्हा, पलीकडच्या काठाला बऱ्याच ठिकाणी कोल्हापूर संस्थान. दोन्हीकडं माणसं तीच, सोयरिकी इकडून तिकडं, बोली एक. पण 1917 साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि दोन काठांत फरक पडला. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया म्हणजे मजुराच्या कित्येक दिवसांची मजुरी. आमच्या घरात यावरून एक चेष्टा चालायची. आजीचं माहेर पलीकडचं. ती म्हणायची, “आमच्या भावांस्नी दंडाच्या भ्यानं साळंत घाटलं.” आणि आजोबा उत्तर द्यायचे, “तिकडं साळंत न्हाय गेलं तर दंड, हिकडं साळा नसताना बी पट्टी.”

शाहू महाराजांच्या आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी हे करून दाखवलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचं हे शेतकऱ्याचं पोर दत्तक जाऊन गादीवर बसलं. त्यांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. म्हणजे लहान खजिन्याच्या राजांना जे जमलं ते हिंदुस्थानच्या खजिन्याला का जमू नये? हा प्रश्न थेट कलकत्त्याच्या कौन्सिलात विचारणारा माणूसही आपल्याच मुलखातला. गोपाळ कृष्ण गोखले. जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा, पण शाळा कागल-कोल्हापूरची.

गोखल्यांचं नाव घेतलं की मवाळ-जहाल वाद तेवढा आपल्याला आठवतो. त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं मात्र कुणी वाचत नाही. 1902 सालच्या पहिल्याच भाषणात त्यांनी सरकारच्या शिलकीवर बोट ठेवलं. लोक दुष्काळानं आणि प्लेगनं मोडलेले असताना तिजोरीत शिल्लक कशी पडते? कर गरजेपेक्षा जास्त घेतले म्हणून. पुढच्याच वर्षापासून मिठावरचा कर टप्प्याटप्प्यानं उतरला, त्यात अशा बोलण्याचाही वाटा होता. मग 1910 मध्ये प्राथमिक शिक्षणाचा ठराव आणि 1911 मध्ये विधेयक. विधेयक किती जपून लिहिलेलं होतं पाहा. सहा ते दहा वर्षांची मुलं. तेही सगळीकडं लगेच नाही. जिथं आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत येतात तिथंच, आणि स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असणाऱ्या बापाला फी माफ. खर्चाचे तीन वाटे करायचे. दोन सरकारनं उचलायचे, एक स्थानिक संस्थेनं. याहून मऊ मागणी कशी करणार? तरी 1912 च्या मार्चमध्ये ते पडलं. बाजूनं 13, विरुद्ध 38. सरकारी सभासद तर विरुद्ध होतेच, पण त्यांच्या पंक्तीला काही आपले जमीनदारही जाऊन बसले. पोरं शाळेत गेली तर शेतावर राबायला कोण, ही भीती त्या काळी वाड्यावाड्यांत होती, आणि ती उघड बोलायलाही कुणी लाजत नव्हतं.

विधेयक पडणार हे गोखल्यांना ठाऊक होतं आणि भाषणात त्यांनी ते सांगितलंही. आणखी तीन वर्षांनी ते गेले. शाहू महाराजांचा कायदा आला तेव्हा ते बघायला नव्हते.

1919 च्या सुधारणांनंतर शिक्षण खातं आपल्या मंत्र्यांकडं आलं. मुंबई इलाख्यात दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले. पण ही देणगी फसवी होती. शिक्षण ‘सोपीव’ खात्यांत, आणि वित्त ‘राखीव’ खात्यांत. म्हणजे दळण सुनेकडं आणि कणगीची किल्ली सासूकडं. 1923 साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला, शाळा जिल्हा लोकलबोर्डांच्या हाती आल्या, सक्तीची योजना आखायची मुभा मिळाली. आणि किल्लीवाल्यांनी सांगितलं की सध्या पैसे नाहीत. हे ‘सध्या’ फार वर्षं चाललं.

अशा वेळी 1927 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर नुकतेच नेमले गेले होते. वय पस्तीस. कौन्सिलातली त्यांची सुरुवातीची भाषणं अर्थसंकल्पावरची आहेत, हे आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही. फेब्रुवारीतल्या भाषणात त्यांनी साऱ्याचाच मुद्दा काढला. प्राप्तिकर भरणाऱ्याला एका मर्यादेपर्यंत सूट आहे. शेतकऱ्याला मात्र एकर असो की शंभर एकर, सारा त्याच दरानं, पीक आलं काय नि बुडालं काय. अर्थशास्त्राची मोठी पदवी घेऊन आलेला माणूस आमच्या आजोबांच्याच तक्रारीवर बोलत होता.

मग 12 मार्चला शिक्षणाच्या मागणीवर चर्चा झाली. त्या दिवशीचं त्यांचं भाषण खेड्यातल्या प्रत्येक शिक्षकानं आणि सरपंचानं एकदा तरी वाचावं. त्यांनी नुसते आकडे मांडले. ज्या वेगानं शिक्षण पसरतं आहे, त्या वेगानं शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शाळेत यायला 40 वर्षं लागतील, आणि मुली यायला 300. पहिलीत आलेल्या शंभर पोरांपैकी चौथीपर्यंत पोचतात 18. उरलेली 82 परत निरक्षर होतात, म्हणजे त्यांच्यावर केलेला खर्चही पाण्यात. आणि मग तो हिशेब, ज्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. सरकार दर माणशी शिक्षणावर खर्च करतं 14 आणे. त्याच माणसाकडून दारूवरच्या अबकारीत घेतं 2 रुपये 2 आणे 9 पै. त्यांचं मागणं एवढंच होतं, की अबकारीत जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला.

फीवरही ते बोलले. कॉलेजं आणि हायस्कुलं चालवायच्या खर्चाचा मोठा भाग विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल केला जातो, म्हणजे सरकार शिक्षणाचं दुकान मांडतं; शिक्षण खातं जितक्यास तितकं या हिशेबावर चालवायचं खातं नव्हे, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच आठवड्यात, 20 मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. आपण महाडचं तळं लक्षात ठेवलं, आणि ठेवायलाच हवं. पण कौन्सिलातलं ते भाषणही त्याच माणसाचं, त्याच महिन्यातलं, आणि ज्यांना पाण्याला शिवू देत नव्हते त्यांच्याच पोरांविषयीचं.

अबकारीचा हा काटा पुढंही सलत राहिला. 1937 मध्ये बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. दारूबंदी करायची तर उत्पन्न बुडतं, आणि उत्पन्न बुडालं तर शाळा कशावर चालवायच्या, असा पेच पडला. गांधीजींना पोरांचं शिक्षण दारूच्या पैशावर चालावं हेच खुपत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली आणि नई तालीम आली. शाळेनं हाताच्या कामातून आपला खर्च शक्य तेवढा भागवावा, हा विचार. त्याच्या खुणा आमच्या लहानपणापर्यंत होत्या. शाळेच्या भिंतीवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशी अक्षरं, कपाटात टकळ्यांची परडी. आम्ही पेळूचं सूत काढायचो, गुंता करायचो, मार खायचो. विचाराला मी नावं ठेवत नाही. हाताला काम येणं चांगलंच. पण आमच्या सुतानं शाळेच्या खडूचाही खर्च कधी निघाला नाही. खेड्यातल्या पोरानं आपल्या शिक्षणाचा पैसा आपणच कातून काढावा, हे मला कधी पटलं नाही. त्याचा बाप तो पैसा भरतच होता.

सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर लोकांच्या मूठमूठ धान्यावर वसतिगृहं चालवली, आणि जिथं बोर्ड पोचत नव्हतं तिथं रयत शिक्षण संस्थेनं व्हॉलंटरी शाळा काढल्या. यातल्या कितीतरी पुढं सरकारनं आपल्याकडं घेतल्या. म्हणजे आधी गावानं शाळा उभी करायची, ती चालते हे दाखवायचं आणि मग सरकारनं हात लावायचा, हा क्रम. आमच्या गावच्या चार खोल्याही तशाच. दगड गावच्या खाणीचा, गाड्या घरटी एक दिवस, गवंडी तेवढा पैशावर. कौलांचे पैसे वर्गणीतून. इमारत मात्र कागदोपत्री पुढं सरकारजमा.

1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडं आल्या. त्याच वर्षी राज्यानं शिक्षण कराचा कायदा केला. शहरात घर-इमारतींवर आणि खेड्यात ऊस वगैरे नगदी पिकांच्या बागायत जमिनीवर. वारणाकाठी उसाचे फड वाढत चालले होते. म्हणजे साऱ्याच्या पावतीवर जुना उपकर होताच, त्यात ऊसवाल्याच्या नावावर शिक्षण कराची आणखी एक ओळ आली. लोकलफंडाचा नातूच म्हणा. त्या काळात गावाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण खरोखर शाळा वाढताना दिसत होत्या. वाडीवाडीला दोन-शिक्षकी शाळा निघाली. 1972 च्या दुष्काळात तर शाळा हेच पोटाला आधाराचं ठिकाण झालं. पितळीत सुकडी मिळायची. त्या वर्षी आमच्या वर्गातली गळती थांबली, हे मास्तरांनी हजेरीपटावर बोट ठेवून दाखवलेलं मला आठवतं.

आणि देशानं शिक्षणावर किती खर्च करावा, याचा आकडा ज्यांच्या हातून कागदावर आला तेही याच पट्ट्यातले. जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. आयोगाचा अहवाल 1966 चा. शिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्क्यांपर्यंत न्यावा, असं त्यात आलं. 1968 च्या धोरणानं ते मान्य केलं. पुढं दर सरकारनं मान्य केलं. 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही तोच 6 चा आकडा आहे. साठीकडं चाललेला आकडा, आणि गाठलेला मात्र एकदाही नाही.

आता अलीकडचं. यात इतिहास कमी आणि रोजचं दुखणं जास्त.

2000 साली राज्यात शिक्षणसेवक आले. प्राथमिकला महिना 3 हजार रुपये, तीन वर्षं. काम पूर्ण शिक्षकाचं, पगाराऐवजी मानधन. 2012 मध्ये त्याचे 6 हजार झाले, आणि 16 हजार व्हायला 2023 उजाडलं. वस्तीशाळांवरचे स्वयंसेवक तर त्याहून कमी पैशावर ओढ्याकाठच्या, डोंगरावरच्या वस्त्यांत शिकवत होते. जोतीरावांनी मास्तरला बारा रुपयांहून कमी देऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्या काळच्या बारा रुपयांत काय येत होतं आणि 2000 सालच्या 3 हजारांत काय येत होतं, ज्याचा त्यानं ताळा करावा.

शिक्षणावरच्या तरतुदीचा आकडा दर मार्चमध्ये मोठा दिसतो, हे खरं. कुणी म्हणतं एवढे हजार कोटी जातात कुठं? त्यातला मोठा हिस्सा पगाराचा आहे, आणि तो असायलाच हवा. शाळा म्हणजे शेवटी शिकवणारं माणूस. रड आहे ती उरलेल्या पैशाची. ज्याला शाळेत ‘सादिल’ म्हणतात तो खडू-झाडू-रजिस्टरांचा खर्च, विजेचं बिल, गळकं छप्पर, मुलींची मुतारी. हा पैसा कमी, आणि येतो तोही आर्थिक वर्ष संपता संपता. मार्चअखेर आला तर आठवड्यात खर्च करा, पावत्या जोडा, नाहीतर परत. एप्रिलमध्ये गळती शोधावी, मे महिन्यात कौलं शेकारावीत, हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं. पण मे महिन्यात खात्यावर पैसा नसतो. बिल थकून मीटर तोडलेल्या खोलीत, देणगीतून आलेला संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला मी एकाहून जास्त शाळांत पाहिला आहे. कितीतरी ठिकाणी शिक्षकच आपल्या खिशातून बिल भरतात आणि ते कुठल्याच हिशेबात येत नाही.

आणि मग पटाचा मुद्दा. 2017 च्या अखेरीस दहाच्या आत पट असलेल्या 1 हजार 314 शाळा बंद करण्याचं राज्यात जाहीर झालं. 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचा विचार पुढं आला; अशा शाळा राज्यात 14 हजारांवर. सांगणारे म्हणतात, आठ पोरांना दोन शिक्षक परवडत नाहीत. वरवर पटतं. आमच्यातलेच अनेक जण मान हलवतात, कारण त्यांची पोरं सकाळी पिवळ्या गाडीतून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. पट कमी होण्यात या गाडीचाही हात आहे, तो झाकून चालणार नाही. पण ती गाडी ज्यांना परवडते त्यांची पोरं वजा केली की शाळेत उरतात कोण? ऊसतोड्याची, धनगराची, मोलमजुरीवाल्या एकट्या बाईची. हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि घरापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी असा राज्याचा नियम आहे. डोंगरातल्या वाडीची शाळा बंद करून चार किलोमीटरवर नेली की सरकारच्या वहीत बचत दिसते. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोर घरी, पोराला सोडायला गेली की आईची मजुरी बुडाली, आणि पोरगी दहा वर्षांची झाली की वाटेच्या भीतीनं तिचं नावच काढलं. हा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली धरतात?

आमच्या गावात हा विषय दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत निघाला. वरच्या वाडीच्या शाळेचा पट अकरावर आला होता आणि ती बंद होणार अशी कुणकुण होती. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नाही. त्या दिवशी वाडीवरच्या बायका उठून आल्या होत्या. एक जण नुसतं एवढंच म्हणाली, “आमी सारा भरत न्हाय व्हय? जमीन हाय न्हवं आमची बी? मग आमची साळा जड कशी हुती?” ग्रामसेवकांकडं उत्तर नव्हतं. मी घरी जाऊन ट्रंकेतल्या पावत्या आणल्या. आजोबांच्या पावतीवर लोकलफंड, वडिलांच्या पावतीवर जिल्हा परिषद उपकर, आणि ऊस लागल्यापासून शिक्षण कर. तरुण पोरांनी मोबाइलवर फोटो काढले, बायका-बाप्यांनी हातात घेऊन बघितल्या. एक म्हातारबा तर आपल्या बापाचं नाव कुठं आहे ते शोधत बसले.

त्या दिवशी ठराव झाला. भाषा साधी ठेवली. वाडीची शाळा चालू ठेवावी, एवढं पहिलं कलम. दुसरं असं की गेल्या दहा वर्षांत या गावातून शेतसाऱ्यावरचे उपकर आणि शिक्षण कर मिळून किती रुपये वसूल झाले, आणि त्याच दहा वर्षांत गावातल्या दोन्ही शाळांना पगार सोडून किती रुपये आले, हे दोन आकडे लेखी मिळावेत. ठरावाखाली सह्या एकशे बारा, अंगठे नऊ.

शाळा त्या वर्षी राहिली. यंदा पट तेरा आहे. दोन आकड्यांसाठी आम्ही तालुक्याला तीन वेळा जाऊन आलो. पहिल्या खेपेला सांगितलं, वसुलीचा आकडा महसूलकडं मिळेल. महसूलवाले म्हणाले, कर आम्ही फक्त गोळा करतो, वाटप वरून होतं. तिसऱ्या खेपेला अर्जावर शिक्का मारून मिळाला, आवक क्रमांकासह. तो अर्ज मी त्याच सुतळीत, पावत्यांच्या वर बांधून ठेवला आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो पाचवा विषय आहे.